कठड्याची उंची

ड्रॉइंग घरी आणायची काही गरज नव्हती. कुणी सांगितलंही नव्हतं. सोमवारी ते ऑफिसातून परस्पर फ्रेमवाल्याकडे गेलं असतं तर कुणाचं काही अडलं नसतं. पण भिंतीवर चढण्याआधी बाबांनी ते एकदा हातात घ्यावं असं पट्टीच्या मनात आलं, आणि रविवारी सकाळी पुठ्ठ्याची लांब नळी काखेत मारून ती बसमधून उतरली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

पट्टी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी ती बापाची मोजपट्टी घेऊन घरभर फिरायची, मांजराचीसुद्धा लांबी मोजायची, म्हणून. ऑफिसात ती मॅडम होती, आणि बुधवारी सगळं नीट पार पडलं तर ड्रॉइंग विभागाची प्रमुख होणार होती. कंपनीला पन्नास वर्षं होत होती. नव्या दालनात कालव्यावरच्या पुलाचं मूळ ड्रॉइंग लागणार होतं, आणि बडे साहेब भाषणात म्हणणार होते की ज्या हाताने हा पूल कागदावर उतरवला त्याच घरातली लेक आज त्या खुर्चीवर बसते आहे. भाषण तिने वाचलेलं होतं. दोन ठिकाणी दुरुस्त्याही तिनेच केल्या होत्या. तिच्याइतकाच लायक आणि तिच्याहून तीन वर्षं जुना असा आणखी एक माणूस त्या खुर्चीसाठी होता. फक्त त्याच्या बापाने पूल काढलेला नव्हता.

फ्रेमखालच्या पाटीचा मजकूर छापखान्यात जाऊन पडला होता. चार वाजेपर्यंत बदल सांगायचा तर सांगा, नंतर छपाई सुरू, असं छापखानेवाल्याने बजावलं होतं. रविवारीसुद्धा काम चालू ठेवलंय म्हणून तो जरा घुश्शातच होता.

जेवणं उरकली. टेबल कोरडं झालं की नाही हे धाकट्यांनी तळहाताने चाचपून पाहिलं आणि म्हणाले, "आता उघड."

धाकटे म्हणजे तिचे काका. त्याच कंपनीत बत्तीस वर्षं तपासनीस होते. दुसऱ्यांनी काढलेल्या ड्रॉइंगमधला आकडा न् आकडा पडताळायचा, बरोबर असेल तर लाल पेन्सिलीने बारीक खूण, चुकला असेल तर गोल. डोळे त्यातच गेले. आता समोरचा माणूस त्यांना दिसायचा, माणसाचं नाक दिसायचं नाही. तरी खिशात टोक केलेली लाल पेन्सिल असायचीच. काकू म्हणायची, देवाघरी जातानाही हे चित्रगुप्ताची वही तपासून देतील.

पट्टीने नळीतून कागद काढला. जुना, पिवळट, मेणासारखा गुळगुळीत. चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले. थोरले, म्हणजे तिचे बाबा, टेबलाच्या डोक्याशी बसले होते. त्यांनी चष्मा लावला, परत काढला.

"बघा की जवळून," पट्टी म्हणाली.

"पाहिलंय गं मी ते. चाळीस वर्षं पाहतोय."

"मग आपण वाचू या," धाकटे म्हणाले. "खूप दिवसांत वाचलं नाही."

हा या घरचा रविवारचा खेळ. पट्टी सात वर्षांची असल्यापासून काकांसाठी आकडे मोठ्याने वाचत आली होती. एकाने बोलायचं, दुसऱ्याने खुणा करायच्या. दुसऱ्या घरांतल्या मुली गाणी म्हणायच्या, ही 'तीनशे, दीडशे, तीनशे' म्हणायची. मूळ कागदावर पेन्सिल लावता येत नव्हती, पण सोबत त्याची एक झेरॉक्स होती. तिने ती काकांपुढे सरकवली, त्यांचा हात धरून पेन्सिलीचं टोक पहिल्या आकड्यावर नेऊन ठेवलं.

"राहू दे रे," थोरले म्हणाले. "डोळ्यांना ताण कशाला?"

"डोळे कुठे लागतात, दादा? ती बोलणार, मी ऐकणार. बोल गं."

"एकूण लांबी, छत्तीस हजार मिलिमीटर."

"हं." खूण.

"रुंदी, दोन हजार चारशे."

"हं."

"जिन्याची बाहेरची त्रिज्या..."

"दोन हजार सातशे पन्नास," धाकटेच म्हणाले. "आतली बाराशे. पायऱ्या बावीस. चढ एकशे पंचावन्न."

पट्टी हसली. "पाठ आहे की काय, काका? तुम्हीच तपासलं होतं का हे?"

"मी तेव्हा तपासनीस नव्हतो."

"मग?"

थोरले चष्म्याची काडी उघडत होते, मिटत होते. दारात काकू उभी होती, हातात पुसायचं फडकं.

"स्वतः काढलेलं माणूस विसरतो होय?" काकू म्हणाली.

*

काकूने हे बोलायचं ठरवलेलं नव्हतं. चाळीस वर्षं झाकलेली मूठ तिने आज उघडावी असं काही नवीन घडलंही नव्हतं. पण ती पाटी. 'आरेखन' असं लिहून पुढे दिरांचं नाव, ते सोनेरी अक्षरांत, दालनाच्या जिन्यावरून येणारा जाणारा पाहील अशा जागी. पट्टीने सकाळी आल्या आल्या मजकूर कौतुकाने वाचून दाखवला होता, तेव्हापासून काकू त्यातलं अक्षर न् अक्षर मनात घोळवत होती.

लग्न होऊन तिला तेव्हा वीसच दिवस झाले होते. लागून तीन दिवस सुट्टी आली होती. कंपनीत हेड ड्राफ्ट्समनची एकच जागा निघालेली, आणि जो सोमवारी पुलाचं स्वच्छ ड्रॉइंग आणेल त्याचा विचार होईल असं साहेब म्हणाला होता. दोघे भाऊ त्याच हॉलमध्ये. थोरल्यांचा वळणाचा जिना काही केल्या जमेना. चार कागद फुकट गेले. तेव्हा सासूबाई याच टेबलाशी येऊन धाकट्या लेकाला म्हणाल्या, "त्याला आधी वर जाऊ दे. तो वर गेला की तुला हात देईल. घरातला एक चढला म्हणजे सगळे चढले."

तीन दिवस नवरा मान वर न करता काढत होता. ती पाणी आणून ठेवायची आणि कागदावर थेंब पडू नये म्हणून श्वास रोखून उभी राहायची. त्या तीन दिवसांत तो तिच्याशी जे एक वाक्य बोलला ते तिला अजून आठवत होतं: "उत्तरेच्या खिडकीपाशी हेडचं टेबल असतं. दादा तिथे गेला की त्याच्या शेजारचं माझं."

पट्टीने सगळं ऐकून घेतलं. मग बापाकडे वळली.

"बाबा?"

"नियम होता," थोरले म्हणाले. "सख्ख्या भावाची शिफारस करता येत नव्हती. मी हेड झालो आणि माझ्या हाताखाली त्याला बढती देणं बंदच झालं. साहेबानेच त्याला तपासणीच्या खोलीत पाठवलं. मी काय करणार होतो?"

"नियम होता," काकू म्हणाली. "दादा, हा नियम मी इतक्यांदा ऐकलाय की मला आता झोपेत म्हणता येतो. त्या खोलीला एक खिडकी होती, ती पण समोरच्या भिंतीत उघडणारी. बारा महिने ट्यूबलाइट. जा म्हणावं नियमाला, आणि यांचे डोळे घेऊन ये."

"अगं, पुरे," धाकटे म्हणाले.

"का पुरे? आज पाटी लागतेय."

"लागू दे. वरातीमागून घोडं कशाला? मला काय आता त्या पाटीसमोर उभं राहून वाचता येणार आहे?" ते हसले. हसणं कुणी उचललं नाही, तेव्हा त्यांनी पेन्सिल पुन्हा धरली. "पट्टी, आपण कुठे होतो? चढ. पुढे कठडा. जिन्याच्या कठड्याची उंची नऊशे, पुलाच्या कठड्याची नऊशे. आणि जिना संपून पूल सुरू होतो, त्या वळणावर आकडा नसेल. तेवढी जागा मोकळी आहे."

पट्टी वाकली.

"आहे काका. नऊशे."

"नाही. नीट बघ. वळणावर."

"वळणावरच म्हणतेय मी. नऊशे लिहिलंय."

धाकट्यांनी मान एका बाजूला कलती केली, ऐकू कमी आल्यासारखी.

"शाई कशी आहे?" त्यांनी विचारलं.

ती इतकी वाकली की नाक कागदाला टेकायचं बाकी राहिलं. बाकीचे सगळे आकडे बारीक निबचे होते, केसासारखे. हा एकच किंचित जाड होता.

"जाड आहे," ती म्हणाली.

*

थोरल्यांना तो निब आठवत होता. शर्टाच्या खिशात असायचा, सह्या करायचा.

सोमवारी सकाळी साहेबाच्या केबिनबाहेर बाकावर बसून त्यांनी कागद एकदा उलगडला होता. पाठ करून घ्यायला, दुसरं काय. साहेबाने जिन्याबद्दल विचारलं तर अडखळायला नको. आणि त्यांना ती मोकळी जागा दिसली. इतर कुणाला वाटलं असतं, विसरला असेल. पण धाकटा विसरणाऱ्यातला नव्हता. शाळेत असल्यापासून त्याच्या वहीत गाळलेली जागा कधी सापडली नव्हती. त्याने ती ठेवली होती. साहेब विचारेल, इथलं माप कुठे आहे? आणि दादाला म्हणावं लागेल, थांबा साहेब, ज्याने काढलंय त्याला बोलावतो.

तेवढंच मागितलं होतं त्याने. तोंडाने मागायची लाज वाटली म्हणून कागदावर मागितलं होतं.

आत जाताना दाराची मूठ धरेपर्यंत थोरल्यांचं नक्की होत नव्हतं. बाकावर परत बसले. घरी तान्ही पोर होती, आई म्हातारी होत चालली होती, आणि एकदा धाकट्याला आत बोलावलं की साहेब जागा कुणाला देईल हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्यांनी पेन काढलं. दोन्ही बाजूंना नऊशे होतं, मध्येही नऊशे घातलं. शाई वाळायला जितका वेळ लागतो तितका वेळ ते फुंकर मारत बसले.

"तू पाहिलंस म्हणजे," धाकटे आता म्हणत होते. "मला वाटत होतं, कुणाच्या लक्षातच आलं नाही. साइटवरच्या लोकांनी आपलं अंदाजाने लावलं असेल. चाळीस वर्षं मी तसंच धरून चाललो."

"मी पाहिलं," थोरले म्हणाले.

"मी त्या दिवशी बाह्या उतरवून बटणं लावून बसलो होतो. साहेबासमोर जायचं म्हणून. संध्याकाळपर्यंत बसलो."

"माहीत आहे मला. मी केबिनच्या काचेतून बघत होतो."

काकूच्या हातातलं फडकं खाली पडलं, ते तिने उचललं नाही.

"अकराशे हवं होतं रे तिथे," धाकटे म्हणाले. आवाज चढला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "वळणावर माणूस थांबतो. पाण्यात बघायला वाकतो, पोरं तर लोंबकळतातच. म्हणून तिथे उंच. नऊशे नाही चालत. तू मला विचारायचंस तरी. नाव नसतं सांगितलंस, माप तरी विचारायचंस."

पट्टीच्या डोळ्यांपुढे तो पूल आला. वळणावर कठड्याच्या डोक्यावर एक जादा नळी जोडलेली होती, वेगळ्या रंगाची, मागाहून बसवलेली. लहानपणी ती तिला लटकायची. बाबा सांगायचे, साइटवाल्यांचा अडाणीपणा, चांगल्या पुलाला ठिगळ लावून ठेवलं.

"चार वर्षांनी दुरुस्तीचं ड्रॉइंग निघालं," धाकटे म्हणाले. "तपासायला माझ्याच टेबलावर आलं. वळणावर अकराशे. मी खूण केली."

थोरल्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. मोठा माणूस धाकट्याची माफी कशी मागतो हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि बहात्तराव्या वर्षी ते सुचतही नव्हतं. ते मुलीकडेच वळले.

"पट्टी, चार वाजायचेत अजून. छापखान्यात फोन कर. त्याचं नाव घालायला सांग."

"काही नको," धाकटे एकदम म्हणाले. "बुधवारी तिचं आहे. साहेबांनी भाषण केलंय तयार. बापाने काढलं म्हणून लेक, अशी ती गोष्ट आहे. त्यात काका आला की गेली गोष्ट."

"तुम्ही गप्प बसा हो!" काकू ओरडली. "एकदा शिडी झालात तेवढं पुरे नाही? पट्टी, मी तुझ्याकडे आयुष्यात काही मागितलं नाही. तुझी आई गेली तेव्हा तू परीक्षा सोडून आली नाहीस, तरी मी तुला एका शब्दाने बोलले नाही. आज मागते. जा. फोन कर."

घड्याळात साडेतीन वाजून गेले होते. पट्टी उठली.

*

जिन्यावर उभं राहून तिने फोन लावला. फोन लागेपर्यंत ती काकांचंच नाव सांगणार होती, यात खोटं काही नाही. तिने ते ओठांवर जुळवूनही ठेवलं होतं.

"बोला मॅडम," छापखानेवाला म्हणाला. मागे यंत्राची खडखड ऐकू येत होती.

"पाटीत एक बदल आहे. नावाचा."

"नावाचा?" तो थांबला. "नावाचा बदल मला असा नाही करता येणार मॅडम. मजकुरावर बड्या साहेबांची सही आहे. तुम्ही त्यांना एक फोन करा, त्यांनी मला हो म्हणू दे, पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटांचंच काम होतं. साहेबांचा नंबर तिच्याकडे होता. ते चिडले नसते. चांगले गृहस्थ होते, 'अस्सं?' म्हणाले असते, 'बरं झालं सांगितलंत' म्हणाले असते. मग भाषणातलं ते वाक्य खोडलं असतं. आणि वाक्य खोडलं की त्यांना तो तीन वर्षं जुना माणूस आठवला असता, ज्याच्यात आणि तिच्यात निवड करताना ते पहिल्यापासून थोडे द्विधाच होते. एकोणीस वर्षं तिने या खुर्चीसाठी घातली होती. आईचे शेवटचे चार दिवस घातले होते, काकूने आत्ताच आठवण करून दिली ते. इतकं सगळं देऊन झाल्यावर माणूस हात आखडता घेत नाही, उलट म्हणतो, आणखी एवढंच.

"हॅलो? मॅडम, सुरू करू का छपाई?"

"राहू द्या," पट्टी म्हणाली. "आहे तसंच छापा."

ती लगेच वर गेली नाही. दोन पायऱ्या उतरली, मग त्याच दोन चढली.

*

ती आत आली तेव्हा कुणी विचारलं नाही. काकूने तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, खाली पडलेलं फडकं उचललं आणि आत निघून गेली. आत नळ मोठ्याने सुरू झाला. थोरल्यांनी पाहायचंही टाळलं. आपल्याला हायसं वाटलं हे त्यांना कळलं, आणि ते कळणं त्या दिवसातलं सगळ्यात वाईट होतं. फोन कर म्हणून सांगितलं होतं ना आपण? सांगितलं होतं. मग आता विचारायचं का नाही, झालं का म्हणून? विचारणं त्यांना जमलं नाही.

धाकट्यांना तोंडं दिसत नव्हती. पण मुलगी खुर्ची कशी ओढते हे त्यांना ऐकू आलं. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

"ये," ते म्हणाले. "अर्धवट सोडायचं नसतं. कुठे होतो?"

"काका..."

"वळणावर होतो. बोल."

"वळणावरचा कठडा," ती म्हणाली. "नऊशे."

धाकट्यांनी पेन्सिल पुढे केली. तिने त्यांचा हात त्या आकड्यावर नेला. त्यांनी गोल केला, सावकाश, पूर्ण. चूक ती चूक.

"पुढे."

तिने पुढचे वाचले. खांबाचा पाया, खांबांतलं अंतर, फरशीची जाडी. हं. हं. हं. बाहेरच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. ती वाचत गेली आणि ते खुणा करत गेले, जणू ती सात वर्षांचीच होती आणि तिला अजून काही मिळवायचं नव्हतं. आकडे संपले. उजवीकडे खाली चौकट राहिली.

"संपलं काका."

"संपलं कसं? चौकट वाच. तीही तपासायची असते, मीच शिकवलंय ना तुला?"

"प्रमाण, एकास पन्नास."

"हं."

"कागद क्रमांक एक."

"हं."

"काढणारा," ती म्हणाली, आणि थांबली. थोरले उठून उभे राहिले होते, खुर्चीच्या पाठीला धरून.

"वाच की."

तिने वडिलांचं नाव वाचलं.

धाकट्यांचा हात तिच्या हातात होता. तिला वाटलं, आता गोल होईल, आणि व्हावा, निदान या झेरॉक्सवर तरी, या घरापुरता तरी. हात जरा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी नेहमीसारखी एक बारीक तिरकी रेघ ओढली. बरोबरची खूण.

बत्तीस वर्षांत त्यांनी चुकीच्या गोष्टीवर खूण केल्याचं कुणी दाखवू शकलं नसतं.

"झालं," ते म्हणाले आणि पेन्सिल खिशात ठेवली. "आता गुंडाळून ठेव. आणि बुधवारी नीट तयार होऊन जा."